निधी मंजूर होऊन पण कोल्हापुरात फुटपाथ, सायकल ट्रॅकची कामं का रखडतात?

भावा, पैसे मंजूर म्हणजे पैसे हातात असं नसतंय. आधी डीपीआर (म्हणजे कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल), मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, आणि ठेकेदारच आले नाहीत की फेरनिविदा, त्यात आचारसंहिता लागली की वर्क ऑर्डर लटकली. खरी गंमत जागेवर असते. रंकाळ्याकडं साधा फुटपाथ करायचा म्हटला तरी विजेचा खांब एका खात्याचा, पाण्याची लाईन दुसऱ्याची, झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडं जतन करायच्या कायद्याखाली वेगळी परवानगी. मग ३१ मार्चच्या आत बिल काढायची पळापळ, ब्लॉक बसतात पण रॅम्प कोण बघतंय (व्हीलचेअरवाला तर लांबच). तुझ्या भागातलं काम अडलं असेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून फाईल कुठं हाय ते विचार, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतंय.