ताई, तुम्ही किती दिवस?

बेघर तरुणांना कामाला लागायला मदत करणाऱ्यांची आणि त्या तरुणांचीही पत्रे येत असतात. अक्षर बदलते, गोंधळ मात्र तोच. म्हणून या वेळी एकदमच उत्तरे देते.

प्रश्न : मला कायमचा पत्ता नाही. बायोडेटात निवारागृहाचा पत्ता टाकू का? (वय १९)

अर्ज करताना मोबाइल नंबर आणि ईमेल पुरतात. निवड झाल्यावर पत्ता विचारतील, तेव्हा टपाल खरोखर मिळते तोच द्या. मित्राचे घर आपले म्हणून खपवू नका. निवारागृहाचे पत्र पुरावा म्हणून चालेल का, हे तिथल्या समाजसेवकांना आताच विचारून ठेवा. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी धावाधाव नको.

प्रश्न : प्रमाणपत्रे भिजतात. लॅमिनेट करू?

नको. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवा.

प्रश्न : एक एजंट नोकरीची हमी देतो. आधी नोंदणीचे पैसे आणि मूळ कागदपत्रे मागतो. बाकीच्या मुलांनी दिलीत, मी देऊ का?

बाकीच्यांनी दिली, हे कारण झाले का? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा करार (क्रमांक १८१) सांगतो की खासगी रोजगार संस्थांनी, मोजके अपवाद सोडता, कामगाराकडून शुल्क घेऊ नये. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, म्हणून तुमच्याकडचा कायदा मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्यांकडून समजून घ्या. पण मूळ कागद कुणालाच द्यायचे नाहीत. कागद एजंटच्या ड्रॉवरमध्ये गेला की तुम्हीही त्या ड्रॉवरमध्ये गेलात. त्या बाकीच्या मुलांनाही सल्ल्याला सोबत न्या, आणि आजच न्या.

प्रश्न : मी एका मुलीला दर शनिवारी मुलाखतीची तयारी करून देणार आहे. दोन-तीन महिने वेळ आहे, पुढे परीक्षा. काहीच नसण्यापेक्षा बरे ना?

नाही. आणि आता जरा सविस्तर ऐका, कारण हे ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ ऐकून माझे कान किटले आहेत.

२००२ साली ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या मार्गदर्शक-मुलांच्या जोड्या तपासल्या. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. ज्यांची जोडी तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांचे स्वतःविषयीचे मत उलट खालावले. ती मुले बेघरच होती असे नाही. पण ज्या मुलीला आधीच घर सोडावे लागले आहे, तिच्या बाबतीत मी याहून जास्त घाबरेन.

आमच्याकडची एक मुलगी दर गुरुवारी चारला यायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. मार्गदर्शक ताईंचे येणे थांबले. फोन नाही, निरोप नाही. ही पुढचे पाच गुरुवार त्याच खुर्चीत, मांडीवर फाइल, पायांत धुऊन अजून ओलेच असलेले बूट. सहाव्या आठवड्यात नव्या ताई आल्या, तर नावही न विचारता तिने विचारले, “तुम्ही किती दिवस?”

त्यामुळे तीन महिनेच असतील, तर मार्गदर्शक होऊ नका. संस्थेला सांगून ठरलेले, संपणारे काम घ्या : चार मुलाखतींचा सराव, एक बायोडेटा, बँक खाते उघडायला सोबत. शेवटची तारीख पहिल्याच दिवशी मुलीला सांगा. शब्द दिलाच असेल, तर समन्वयकांशी या आठवड्यात बोला, परीक्षेच्या तोंडावर नव्हे.

प्रश्न : आमच्या संस्थेत सहा महिने व्यक्तिमत्त्व विकास शिकवतो, मग नोकरी शोधतो. मुले मध्येच गळतात.

गळणारच. उद्या रात्री झोपायचे कुठे, ही चिंता असलेला मुलगा सहा महिने हस्तांदोलन शिकत बसेल? १९९० च्या दशकात अमेरिकेत गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी एक पद्धत आकाराला आली : नोकरी लगेच शोधायची, लांबलचक पूर्वतयारी नाही आणि रुजू झाल्यावरही आधार चालू. बेघर तरुणांसाठीही ती वापरून पाहिली गेली आहे. आपल्याकडे मात्र नियुक्तिपत्राचा फोटो निघाला की फाइल बंद! पहिला पगार महिनाअखेरीस. तोवर प्रवासाचे आणि जेवणाचे पैसे कोण देणार, हे रुजू होण्याआधी ठरवा. तुमचा कार्यक्रम बदलताना रोजगार समुपदेशकाला सोबत घ्या.

प्रश्न : मुलगा दोन महिने दिवसभर झोपून असतो. लोक म्हणतात, रस्त्यावरच्या मुलांना कष्ट नकोच असतात.

लोकांना सोडा. तो रात्री कुठे असतो, हे विचारलेत का? जिथे सामान चोरीला जाते, अंगावर हात टाकला जातो, तिथे मुले रात्री जागतात आणि उजाडल्यावर झोपतात. तसे असेल तर आधी सुरक्षित जागा, मग नोकरी. सोबत जेवण तुटले असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरकडे न्या. जगणे नको अशी भाषा असेल, तर त्याला एकटा सोडू नका, लगेच तातडीची मदत बोलवा. दोन महिने वाट कसली पाहिलीत?

प्रश्न : त्याला काही दिवस माझ्या घरी राहायला आणू का?

नका आणू. १८ पूर्ण नसतील, तर बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. पूर्ण असतील, तरी समन्वयकांना विचारल्याशिवाय नाही.