टीकेइंटरमध्ये थीम बदलली, तरी बटणं जुनीच का दिसतात?

तुम्ही लिहिलंय की टीकेइंटर या पायथनच्या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत 'क्लॅम' थीम लावली, एरर आली नाही, पण बटणं होती तशीच राखाडी राहिली. थीम लागली आहे हो, तुमच्या बटणांना तिचा पत्ता नाही एवढंच.

टीकेइंटरमध्ये बटणाच्या दोन जाती आहेत. साधं टीके बटण जुनं. त्याचा रंग, फॉन्ट ज्याचा त्यालाच सांगावा लागतो. दुसरं टीटीकेचं; टीटीके म्हणजे टीकेइंटरमधलाच नवा भाग. थीम कळते ती फक्त टीटीकेच्या विजेटांना, म्हणजे बटण, लेबल अशा घटकांना. कोडमध्ये वर टीकेइंटरमधून 'स्टार' (म्हणजे सगळंच) इम्पोर्ट केलं असेल, तर नुसतं 'बटन' लिहिल्यावर जुनंच हाती येतं. माझी एक अख्खी संध्याकाळ यातच गेलीय.

तेव्हा आधी बटणं टीटीकेची करा. केल्या केल्या 'बीजी'वर (पार्श्वभूमीच्या रंगाचा ऑप्शन) 'अननोन ऑप्शन' अशी एरर येईल. घाबरू नका, तो ऑप्शन काढून टाका; रंग आता टीटीकेच्या 'स्टाइल'मध्ये जातो. कोणत्या थीम आहेत ते 'थीम_नेम्स' सांगतं. क्लॅम, ऑल्ट, डिफॉल्ट, क्लासिक सगळीकडे असतात. विंडोजवर व्हिस्टा वगैरे जास्तीच्या, मॅकवर अ‍ॅक्वा. हवी ती 'थीम_यूज'ला द्या.

विंडोजवर व्हिस्टा ठेवून बटण लाल करायला जाल, तर कडेला जेमतेम लाल रेघ दिसेल. तिथे बटणाचा पृष्ठभाग विंडोज स्वतः रंगवतं, तुमचं ऐकत नाही. रंगांशी खेळायचं असेल तर मी तरी सरळ क्लॅम घेतो.

क्लॅममध्येही एक गंमत आहे. स्टाइलच्या 'कॉन्फिगर'ने बटण लाल होतं, पण माउस वर नेला की परत राखाडी! कारण 'अ‍ॅक्टिव्ह' अवस्थेचा रंग थीमने स्टाइलच्या 'मॅप'मध्ये (कोणत्या अवस्थेत कोणता रंग, ती नोंद) वेगळा लिहून ठेवलाय, आणि मॅपपुढे कॉन्फिगरचं चालत नाही. म्हणून मॅपमध्येही 'अ‍ॅक्टिव्ह'साठी गडद लाल द्या.

सगळीच बटणं लाल नको असतील, तर स्टाइलचं नाव 'डिलीट', टिंब, 'टीबटन' असं ठेवा आणि त्या एका बटणाला ते द्या. टिंबानंतरचं नाव अचूक हवं. लेबलचं 'टीलेबल' होतं, ट्रीव्ह्यूला मात्र पुढे 'टी' नाही. नाव आठवेना झालं की विजेटलाच 'विन्फो_क्लास' विचारा.

डार्क रंग लावणार असाल तर कॉम्बोबॉक्स, म्हणजे यादीतून निवडायचा चौकोन, उघडून बघा. खाली उघडणारी यादी अजूनही जुनी टीके लिस्टबॉक्सच आहे, ती पांढरीच राहते. तिच्यासाठी 'ऑप्शन_अ‍ॅड' वापरा, तेही कॉम्बोबॉक्स बनवायच्या आधी.