वाचकांचे प्रश्न : बांगड्यांवरची करडी माशी

प्रश्न : घरामागच्या खळ्यात खारवलेले बांगडे वाळत घातले की करड्या रंगाच्या मोठ्या माशा येतात. एप्रिलमध्ये मी अशा नऊ माशा टाचणीवर लावल्या आणि काहींची मोबाइलवर छायाचित्रे घेतली. एका ॲपने त्यांना ‘सार्कोफॅगा कार्नेरिया’ असे नाव दिले. ते बरोबर आहे का? डब्यात ठेवलेल्या एका माशीने अंडी न घालता वळवळत्या अळ्याच टाकल्या, हे कसे? नमुने व छायाचित्रे सोबत पाठवत आहे. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : ॲपने दिलेले नाव खोडून टाकावे. लिनियसने १७५८ साली वर्णन केलेली ती जाती युरोपातल्या मांसमाशांपैकी असून तिच्या अळ्या गांडुळांवर वाढतात. वेंगुर्ल्याच्या बांगड्यांशी तिचा संबंध जोडण्याचे कारण नाही. जगात मांसमाशांच्या सुमारे ३००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक वरून पाहिल्यास सारख्याच दिसतात, म्हणून ॲप आपले सर्वांत प्रसिद्ध नाव पुढे करते.

आपल्या नऊ माशांपैकी आठ मांसमाशा आहेत. छातीवर तीन काळे उभे पट्टे, पोटावर पटासारखे चौकोन आणि पंखाच्या बुडाखाली राठ केसांची रांग, अशा एकत्रित खुणांवरून कुळाबद्दल शंका उरत नाही. नववीच्या छातीवर चार पट्टे असून केसांची ती रांग नाही; ती घरमाशीच्या कुळातली आहे. पोटावरचे चौकोन हे पक्के रंग नसून अंगावरच्या बारीक भुकटीसारख्या थराची करामत आहे. प्रकाशाचा कोन बदलला की काळा चौकोन रुपेरी होतो, त्यामुळे एका छायाचित्रातल्या नक्षीवरून दोन माशा वेगळ्या ठरवू नयेत. पोटाच्या लाल टोकावरूनही नाव ठरत नाही, कारण तसे टोक असलेल्या जाती अनेक आहेत.

जातीचे नाव नराच्या जननांगांवरून ठरते. आठांपैकी तीनच नर आहेत. नराच्या डोळ्यांमधली जागा मादीपेक्षा अरुंद असते आणि पोटाचे टोक गोल फुगीर दिसते. त्या फुगीर टोकाच्या आत दडलेल्या भागांचा आकार जातीगणिक बदलतो. माशी ताजी असताना वाकवलेल्या बारीक टाचणीने ते भाग हलकेच बाहेर ओढून तसेच वाळू दिले, तर पुढचे काम निम्म्याने कमी होते. आपले नमुने मात्र वाळून कडक झाले आहेत. ओलसर वाळू व डांबरगोळीचा तुकडा ठेवलेल्या बंद डब्यात ते दिवसभर ठेवून मऊ करावे लागतील. तिन्ही नरांचे हे काम होईपर्यंत डबीवर ‘सार्कोफॅगा, जाती अनिश्चित’ एवढेच लिहावे. अशी चिठ्ठी मला चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

अळ्यांबद्दल सांगायचे तर मांसमाशीची अंडी मादीच्या पोटातच फुटतात आणि ती थेट जिवंत अळ्या टाकते, म्हणून मासळीवर पडताच त्यांचे खाणे सुरू होते. आपण त्या अळ्या फेकून दिल्या असतील तर मला हळहळ वाटते. पुन्हा असे घडले तर त्या मासळीच्या तुकड्यावर सोडाव्या, खाली तीन-चार बोटे कोरडी वाळू घालावी आणि बरणीचे तोंड मलमलीने बांधावे. पोट भरले की अळ्या वाळूत शिरून कोष करतात, आणि आपल्याकडच्या उष्म्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत माशा बाहेर येतात. त्यांत नर असणारच. त्या नरांवरून जे नाव ठरेल तेच त्यांच्या आईचे, आणि एरवी निनावी राहणाऱ्या मादीला असे खात्रीचे नाव मिळते. बरणी घरापासून लांब ठेवावी; वासावरून घरात होणाऱ्या भांडणाची जबाबदारी हा स्तंभ घेत नाही.

टाचणी छातीच्या मध्यावरून न खुपसता किंचित उजवीकडून घालावी, म्हणजे डाव्या बाजूचे केस मोजता येतात. प्रत्येक टाचणीला ठिकाण, तारीख आणि माशी कशावर बसली होती हे लिहिलेली चिठ्ठी लावावी. आपल्या डबीत ती दोनच नमुन्यांना आहे. मिरगापूर्वी डब्यात सिलिका जेल ठेवावे, नाहीतर बुरशी केसांसकट सगळे झाकून टाकील.

प्रश्न : माशी न मारता केवळ छायाचित्रावरून जात ओळखता येईल, असा फोटो कसा काढावा? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : मांसमाशीच्या बाबतीत बहुधा येणार नाही. तरी वरून, बाजूने आणि समोरून डोळे दिसतील असे तीन फोटो काढल्यास कूळ व बहुतेक वेळा नर-मादी कळते. एखादी मादी सुकटीवर अळ्या टाकताना सापडली, तर तो फोटो जरूर जपावा. ते वागणे टाचणीवरचा नमुना दाखवू शकत नाही. जनुकीय तपासणी करायची असेल तर माशीचा एक पाय कडक अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा. फॉर्मॅलिन वापरू नये, त्याने डीएनए खराब होतो.