शनिवारी परत आला की पोरगा बोलतच नाही

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन एकाच विषयावरची होती, आईबापाच्या कोर्टकेसमध्ये अडकलेली मुलं, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून तीच घेतली. नावं आणि गावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यातली. घटस्फोटाची केस दोन वर्षांपासून चालू आहे. मुलगा आठ वर्षांचा, माझ्याकडे असतो आणि कोर्टाच्या ऑर्डरप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी वडिलांकडे जातो. हल्ली परत आला की पाठीवरची बॅगही काढत नाही, तसाच ओट्यावर बसून राहतो, जेवत नाही आणि रात्री अंथरूण ओलं होतं. परवा मला म्हणाला, मम्मी तू पोटगीसाठी खोटी केस केली ना, आता पप्पाला जेलमध्ये टाकणार का. तिथे त्याची आजी त्याला सांगते, ‘तुनी मायनी घर मोडं.’ माझी आई म्हणते भेटच बंद कर, वकील म्हणतात थांबा. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला ती पाठीवरची बॅगच दिसत राहिली. आठ वर्षांचं पोर ती काढत नाही, कारण आपण नेमकं कुठे उतरलोय हेच त्याला कळत नाहीये. पोटगी हा शब्द त्याच्या वयाचा नाही, तो कुणीतरी त्याच्या डोक्यात ठेवलाय आणि तो उचलून त्याला तुमच्यापर्यंत आणायला लावलंय. अंगावर वळ उठत नाहीत म्हणून लोक याला मारहाण धरत नाहीत, पण हा छळच आहे, आणि मी हे अगदी स्पष्ट म्हणते.

आधी अंथरुणाचं बघा. सुटलेली सवय परत सुरू झाली असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्या, लघवीचं इन्फेक्शन वगैरे नाही ना ते कळेल, आणि त्यांना घरातली परिस्थितीही सांगा, लपवू नका. गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. तुम्हाला स्वतःलाच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि शनिवारी संध्याकाळी दारातच त्याला काहीही विचारू नका. ‘काय म्हणाले रे तिकडे’ हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो, पण त्याच्यासाठी ती दुसरी उलटतपासणी असते, तिकडे एक झाली आणि आता इकडे. बॅग तुम्ही हाताने काढून घ्या, पाणी द्या, खिचडी करा, त्याला शांत बसू द्या. तो आपणहून बोलला तर एवढंच सांगा की ही मोठ्यांची भानगड आहे, ती कोर्टातले साहेब बघताहेत, यात तुझी काहीच चूक नाही, आणि पप्पा तुला आवडतात याचा मला अजिबात राग येत नाही. हे शेवटचं वाक्य तुमच्या तोंडून निघायला जड जाईल, मला माहीत आहे, तरी म्हणा. आणि त्याने एकदा ऐकून भागणार नाही, पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल.

एक वही करा. तारीख, वेळ, तो आपणहून जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, जेवला की नाही, झोपला की नाही, एवढंच लिहा, तुमचं मत लिहू नका. मोबाइलवर त्याला रडताना शूट तर बिलकुल करू नका. माझ्याकडे एक आई अशी क्लिप घेऊन आली होती, पुरावा म्हणून. त्यात मुलगी प्रत्येक उत्तराआधी कॅमेऱ्याच्या मागे बघत होती, आईच्या तोंडाकडे, बरोबर बोलतेय ना म्हणून. त्या आईचा हेतू वाईट नव्हता, पण त्या तीन मिनिटांत तिने पोरीशी तेच केलं ज्याची तक्रार घेऊन ती आली होती.

आता कोर्टाचं. ऑर्डर असताना भेट आपल्या मनाने बंद केली तर उद्या तेच तुमच्याविरुद्ध मांडलं जाईल, वकील थांबा म्हणतात ते बरोबर आहे, पण थांबा म्हणजे गप्प बसा नव्हे. ऑर्डरमध्ये बदल मागणारा अर्ज टाका. भेट काही दिवस कोर्टाच्या आवारात किंवा समुपदेशकाच्या देखरेखीखाली व्हावी, मुलासमोर केसबद्दल कुणीही बोलू नये, आजीनेसुद्धा, अशी अट घालावी, असं लेखी मागा. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये कोर्टाला तज्ज्ञांची मदत घेता येते, तर मुलाशी बालमानसतज्ज्ञांनी बोलावं अशी विनंती करा. कलम ११ पण लक्षात ठेवा, दोघांपैकी एकाने जरी मागणी केली तरी कामकाज बंद दाराआड चालवावं लागतं. फीची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला आणि मुलाला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

मारहाण, नको ती लगट किंवा जिवाला धोका असं काही असेल तर मात्र तारखेची वाट बघायची नाही, लगेच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना फोन करायचा आणि कोर्टात तातडीचा अर्ज द्यायचा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ मध्ये ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला विनाकारण मानसिक त्रास दिला तरी शिक्षा आहे, तीन वर्षांपर्यंत. कुणीतरी तुम्हाला हे कलम लावायला सांगेलच. माझं मत असं की आज तिथून सुरुवात करू नका, कारण पप्पा जेलमध्ये जाईल हीच तर तुमच्या पोराची भीती आहे.

आणि ताई, राग मानू नका, तुमच्या माहेरी त्याच्यासमोर त्याच्या बापाबद्दल काय बोललं जातं? भेट बंद कर हे तुमची आई म्हणाली तेव्हा तो कुठे होता, शेजारच्या खोलीत? पोरांना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं.

प्रश्न : मी धुळ्याचा. मुलगी सहा वर्षांची, आईकडे असते. फोनवर ती म्हणते तुम्ही वाईट आहात, मला भेटायचं नाही, आणि मागून कुणीतरी हळू आवाजात सांगत असतं ते मला ऐकू येतं. मित्र म्हणतात ही पेरेंटल एलियनेशनची केस आहे, कोर्टात टाकून दे. आता जज तिला चेंबरमध्ये बोलावणार आहेत. तिला काय सांगून ठेवू?

उत्तर : भाऊ, काहीच सांगून ठेवू नका. एकदा ते शिकवताहेत म्हणून आपणही शिकवायचं, तर मधे पोरगीच पिसली जाणार.

पेरेंटल एलियनेशन हा शब्द सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या एका निकालात आलाय, एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध करणं या अर्थाने. पण २०२४ मध्ये त्याच कोर्टाने असंही सांगितलं की पालकावर हा शिक्का घाईने मारू नका, आधी नेमके प्रसंग दाखवा. म्हणून शब्द बाजूला ठेवून प्रसंग लिहा, कोणत्या तारखेला फोन केला, ती काय बोलली, मागून काय ऐकू आलं. आणि स्वतःला एकदा खरंखरं विचारा, तिने तुम्हाला घरात ओरडताना, ताट आपटताना पाहिलंय का. मूल भेटायला नको म्हणतं त्याला दरवेळी शिकवणीच कारण असते असं नाही, कधी ते खरंच घाबरलेलं असतं, आणि तसं असेल तर अर्ज टाकण्याआधी तुम्हाला वागणं बदलावं लागेल.

तोवर फोन ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी करा. व्हिडिओ कॉलवर भेट हाही मुलाचा हक्क आहे असं २०२० च्या एका निकालात आलंय, ऑर्डरमध्ये तशी वेळ मागून घ्या. ती वाईट म्हणाली तर ‘तुला कोण शिकवतंय’ असं विचारू नका. ‘बरं बेटा, मी बुधवारी परत फोन करतो’ म्हणा आणि बुधवारी करा.

चेंबरमधलं बोलणं म्हणजे साक्ष नव्हे. मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं, हे १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यातच आहे, पण निकाल फक्त तिच्या एका वाक्यावर लागत नाही. पढवलेलं मूल बऱ्याचदा तेच वाक्य त्याच शब्दांत परत म्हणतं, खुर्चीवर बसलेल्यांनी अशी खूप मुलं पाहिलेली असतात. जजसाहेबांआधी समुपदेशकांनी तिच्याशी एक-दोनदा गप्पा माराव्यात, खेळता खेळता, एवढी विनंती मात्र वकिलामार्फत करा.

आणि पाच वर्षं झाली की मूल आपोआप बापाकडे येतं असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांपर्यंत ताबा साधारणपणे आईकडे एवढंच म्हटलंय, त्यापुढे मुलाचं हित बघून ठरतं.

प्रश्न : मी चोपड्याकडची आजी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नातू आठ महिन्यांनी चार दिवस येणार आहे. सून नि लेकाची केस चालू. त्याच्याशी काय बोलू, काय नको?

उत्तर : आजी, तुम्ही हे विचारलंत यातच खूप आलं. आईचं नाव त्याने काढलं तर गप्प होऊ नका, ‘काय म्हणते मम्मी, बरी आहे ना’ असं सहज विचारा, म्हणजे या घरात तिचं नाव घ्यायला बंदी नाही हे त्याला कळेल. तुला कुठे राहायला आवडतं, हे मात्र कुणालाच विचारू देऊ नका, भावकीतल्या काकांना आणि शेजारणींना आधीच सांगून ठेवा. कडुनिंबाला झोका बांधा, खापरावरचे मांडे करताना त्याला जवळ बसवा, पहिला मांडा फाटला तर त्यालाच द्या. रात्री त्याला आईला फोन लावून द्या आणि तो बोलत असेपर्यंत तुम्ही अंगणात जाऊन बसा.