इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये एफए कप जिंकलेला संघ त्याच हंगामात प्रीमियर लीगमधून, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतून, खाली जाऊ शकतो का?

हो. 2012-13 मध्ये विगन अ‍ॅथलेटिकच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि असं होणारा तो पहिलाच संघ.

लीग आणि कप या दोन पूर्ण वेगळ्या स्पर्धा आहेत. लीगमध्ये 38 सामन्यांचे गुण मोजतात, शेवटचे तीन संघ खाली जातात. एफए कप बाद पद्धतीचा: हरलात की घरी. त्यामुळे लीगमध्ये धडपडणारा संघही कपमध्ये कमाल करू शकतो.

11 मे 2013, लंडनच्या वेम्बली मैदानावर कपची फायनल. समोर आदल्या वर्षीचा लीग विजेता मँचेस्टर सिटी. विगनच्या कॅलम मॅकमनमनने सिटीच्या बचावफळीला सामनाभर हैराण केलं. त्यालाच पाडल्याबद्दल सिटीच्या झबालेताला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि सिटीचे दहाच खेळाडू उरले. मग 90 मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत शॉन मलोनीचा कॉर्नर आला आणि बेन वॉटसनने हेडरने गोल केला, 1-0! हा वॉटसन बदली खेळाडू म्हणून शेवटच्या दहा मिनिटांसाठी उतरला होता, तोही पाय मोडल्यामुळे कित्येक महिने बाहेर बसून परतलेला. माझ्या मते कप फायनलमधला इतका सुंदर शेवट क्वचितच पाहायला मिळतो.

तीनच दिवसांनी आर्सेनलने त्यांना 4-1 हरवलं आणि प्रीमियर लीगमधली सलग आठ वर्षं संपली.

कप जिंकल्यामुळे युरोपा लीगचं तिकीट मात्र कायम राहिलं, म्हणजे पुढच्या हंगामात विगन दुसऱ्या श्रेणीत असूनही युरोपात खेळला. आणि त्याच हंगामाच्या कपमध्ये सिटीला पुन्हा हरवलं, तेही त्यांच्याच मैदानावर!