राखीव खाट आणि दोन टक्क्यांचं गणित

धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (सांगली): वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं. ट्रस्टच्या रुग्णालयात सवलत मागितली, तर "ते आमच्या मर्जीवर आहे" असं ऐकवलं. खरं आहे का?

मर्जीचा प्रश्नच येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. म्हणजे ३०० खाटांच्या रुग्णालयात ३० अधिक ३०. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. पूर्वीची मर्यादा ८५ हजार आणि १ लाख ६० हजार होती. तो जुना फलक दाखवून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड घेऊन थेट समाजसेवा विभागात जा, आणि तेही दाखल होण्याच्या दिवशीच. घरी सोडायच्या वेळी सवलत मागणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. तोवर रुग्ण वरच्या वर्गात नोंदलेला असतो, औषधं छापील किमतीला घेऊन झालेली असतात आणि ते बिल मागे फिरवायला कुणी तयार नसतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

प्रश्न (नाशिक): आम्ही दुर्बल घटकात बसतो. निम्मं बिल माफ होईल असं वाटलं होतं, पण हिशोब जुळत नाही.

"एकूण बिलाच्या निम्मं" असं सरळ सूत्र योजनेत नाही. खाट, शुश्रूषा, निवासी डॉक्टरांची सेवा, सर्वसाधारण उपचारांना लागणाऱ्या नेहमीच्या तपासण्या आणि रुग्णालय देत असेल तर जेवण, यांचे पैसे लागत नाहीत. इतर तपासण्या, शस्त्रक्रियागृह वगैरेंना सर्वांत खालच्या वर्गाचा दर लागतो. औषधं, शस्त्रक्रियेतलं साहित्य आणि शरीरात बसवायचे भाग हे रुग्णालयाच्या खरेदी किमतीला मिळायला हवेत. त्या रकमेचा किमान निम्मा भाग दुर्बल घटकातल्या रुग्णाने भरायचा असतो.

घोळ होतो तो इथेच. समजा, हाडात बसवायची पट्टी रुग्णालयाला ९ हजारांना पडली आणि छापील किंमत २२ हजार आहे. निम्मे म्हणून ११ हजार घेतले, तर खरेदी किमतीहून जास्त पैसे घेऊन वर सवलत दिल्याची नोंद झाली. बिलावर खरेदी किंमत वेगळी लिहून मागा.

प्रश्न (पुणे): "निधी संपला" हे उत्तर खरं मानायचं का? आणि हे पैसे शेवटी आमच्यासारख्या बिल भरणाऱ्यांकडूनच येतात ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: हो. निर्धन आणि दुर्बल रुग्ण सोडून बाकीच्यांच्या दरमहा बिलाच्या २ टक्के रक्कम, या सवलतींचा खर्च ज्यातून भागतो त्या निर्धन रुग्ण निधी खात्यात जमा करावी लागते. तुमच्या १ लाखाच्या बिलामागे २ हजार. पण ट्रस्ट म्हणून रुग्णालयाला आयकरात सूट असते, काहींना सवलतीत जमीन किंवा जादा चटईक्षेत्रही मिळालेलं असतं. तो सार्वजनिक पैसाच आहे. आम्हाला खटकतं ते दुसरंच: ३ लाख ६५ हजार कमावणाऱ्या घराला काहीच मिळत नाही. मर्यादेच्या काठावर पायरी नाही, थेट कडा आहे, आणि खोट्या दाखल्यांचा मोह तिथेच पडतो.

आता निधी. महिन्याचं बिल ५ कोटी असेल तर खात्यात १० लाख येतात. अतिदक्षता विभागातल्या एका रुग्णाचा खर्च ४ लाख धरला, तरी अडीच रुग्णांत खातं रिकामं, आणि ३०० खाटांच्या रुग्णालयात राखीव खाटा मात्र ६०. खाटा २० टक्के आणि पैसा २ टक्के, ही विसंगती योजनेच्या पोटातच आहे. म्हणून "निधी संपला" हे दर वेळी थाप नसतं. पण खर्च छापील किमतीने किंवा वरच्या दराने टाकला, तर खातं लवकर संपल्याचं दाखवता येतं. महिन्याची जमा, खर्च आणि शिल्लक दर्शनी भागात लावणाऱ्या रुग्णालयाशी लोक कमी भांडतात. तूट आली तर ती या योजनेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीपुढे मांडता येते. रुग्णाला दारातून परत पाठवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल आणि तुमचा आजार तिच्या यादीत असेल, तर आधी त्या योजनेसाठी रुग्णालयात नेमलेल्या आरोग्यमित्राकडे जा. तिथून खर्च भागला की निधी दुसऱ्या कुणाला उरतो.

प्रश्न (लातूर): अपघातातल्या रुग्णाकडे अनामत मागितली तर?

तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावेच लागतात आणि त्यासाठी अनामत मागता येत नाही. निर्धन आणि दुर्बल रुग्णांकडून तर एरवीही नाही. तरी मागितलीच तर पावती, वेळ आणि मागणाऱ्याचं पद लिहून ठेवा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार द्या. राखीव खाटा रिकाम्या आहेत का, हे धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसतं. त्या दिवसाच्या पानाचा फोटो तक्रारीला जोडा.