वज्राचं वैरागर कसं झालं

प्रश्न असा आहे: ‘हा मुलगा म्हणजे चोवीस कॅरेटचा हिरा’ असं बोललं-लिहिलं जातं, ते बरोबर आहे का? आणि हिऱ्याला मराठीत जुना शब्द कोणता?

पहिल्या भागाचं उत्तर: साफ चूक, आणि ती थांबायला हवी. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, २४ भागांत सोनं किती ते. २२ कॅरेट म्हणजे शेकडा ९१.६. हिऱ्याचा कॅरेट हे नुसतं वजन, १९०७ पासून नेमकं २०० मिलिग्रॅम. चोवीस कॅरेटचा हिरा म्हणजे ४.८ ग्रॅमचा खडा. तो डागाळलेला, पिवळट, भेगाळलेला असला तरी चोवीस कॅरेटचाच! दोन्ही शब्द ग्रीक केरातिओन (कॅरोब या झाडाच्या शेंगेतली बी) आणि अरबी किरात या एकाच वाटेने आले. रोमन सॉलिडस हे सोन्याचं नाणं अशा २४ बियांच्या वजनाचं, म्हणून शुद्ध सोनं २४. हिऱ्याशी त्या चोवीसचा काडीचा संबंध नाही. ‘बावनकशी हिरा’ही नको. कस कसोटीवर लागतो, आणि हिरा कसोटीवर घासला तर ओरखडा दगडालाच पडेल. कौतुकच करायचं तर ‘पाणीदार’ म्हणा. रत्नाच्या तेजाला मराठीत पाणी म्हणतातच.

आता जुना शब्द. हिरा हा संस्कृत हीर, हीरक यांवरून आला. हीरकमहोत्सवात तो दिसतोच. त्याहून जुना वज्र. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रत्नांच्या यादीत हिऱ्याला वज्रच म्हटलं आहे. इंद्राचं आयुध सर्वांना माहीत आहे, ते सोडून देतो. पण ‘वज्र मराठीत फक्त तत्सम, म्हणजे संस्कृतातल्या जशाच्या तशा रूपात राहिला, मराठी वळणाचा झालाच नाही’ असं सरसकट सांगितलं जातं, ते मला अजिबात मान्य नाही.

तो झाला आहे, ‘वैरागर’ या शब्दात. अर्थ: हिऱ्यांची खाण. मूळ वज्र + आकर. वज्रमधलं जोडाक्षर फोडायला मध्ये इ आली, वजिर झालं (पालीत हेच रूप आहे). मग दोन स्वरांमधला ज गळाला, वइर झालं. १२व्या शतकातला जैन पंडित हेमचंद्र याच्या प्राकृत व्याकरणात वज्ज आणि वइर ही दोन्ही रूपं आहेत. आकरमधला क मऊ होऊन आगर झालं. हेच आगर मिठागरात आहे. मीठ जिथे पिकतं ते मिठागर, वज्र जिथे सापडतं ते वैरागर, एकाच घडणीचे शब्द!

आणि हे गावाचं नावही आहे. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यातलं वैरागड. आइन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात तिथल्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. त्याआधी ११व्या शतकात पहिल्या कुलोत्तुंग चोळाच्या तमिळ शिलालेखांत ‘वयिरागरम्’ इथे हत्ती पकडल्याची बढाई येते. तमिळमध्ये वयिरम् म्हणजे आजही हिराच. गावात किल्ला आहे, तेव्हा गरचा गड व्हायला वेळ लागला नसणार.

वैरोचन नावाच्या राजावरून वैरागड, ही कथा आवडीने सांगितली जाते. ती टिकत नाही. वैरोचनमधला च गळाला तरी ओ राहतो. त्यातून ‘आगर’ निघणार कुठून? ध्वनींचा हिशेब न देता केवळ राजा उभा करणं ही व्युत्पत्ती नव्हे.

ज्योतिषी वराहमिहिराने बृहत्संहिता या ग्रंथात हिऱ्यांची ठिकाणं सांगताना सुरुवात ‘वेणातटे विशुद्धम्’ अशी केली आहे: वेणेकाठचा हिरा शुद्ध. ही वेणा म्हणजे वैनगंगा, असं माझं ठाम मत आहे. वैरागड तिच्याच खोऱ्यात आहे. कृष्णवेणा, म्हणजे कृष्णा, असं मानणारे विद्वान कृष्णेच्या खोऱ्यातल्या कोल्लूर आणि गोवळकोंड्याच्या खाणींकडे बोट दाखवतात. पण त्या खाणींचा जगभर गाजावाजा झाला तो १७व्या शतकात. ६व्या शतकातला श्लोक हजार वर्षांनंतरच्या कीर्तीने लावायचा, ही कुठली रीत? शिवाय वेणेला लागूनच वराहमिहीर कोसल घेतो. ते दक्षिण कोसल मानलं तर ते छत्तीसगडात, वैरागडच्या शेजारी येतं. सौर्पारकही यादीत आहे, पण सोपारा हे बंदर. तिथून माल जायचा, निघायचा नाही. नावं खाणींचीच आहेत असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बार्शीजवळचं वैराग मात्र या चर्चेत ओढू नका. त्या नावात आगर नाही, आणि तिथल्या काळ्या बेसाल्टात हिरेही नाहीत.